भुईचाफ्याला पाणी कधी, किती, आणि कधी अजिबात नाही

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी सांगतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा. नागपूरच्या मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी, मागच्या जूनमध्ये नर्सरीतून दहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत भुईचाफा आणला. पावसाळाभर पानं मस्त होती, वरून चंदेरी नक्षी आणि पान उलटं केलं की खालून जांभळं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली आणि संक्रांतीपर्यंत कुंडी पूर्ण रिकामी. तुम्हाला वाटलं पाणी कमी पडलं, नर्सरीवाल्यानेही सांगितलं होतं की रोज पाणी द्या, म्हणून तेव्हापासून रोज सकाळी एक मग पाणी घालून राहिल्या. आता होळी होऊन गेली, बाकीच्यांच्या भुईचाफ्याला फुलं दिसून राहिली आणि तुमच्या कुंडीत नुसती ओली माती. विचारलंय की उन्हाळ्यात रोज घालू की दिवसाआड, आणि एका वेळी किती.

दोन दिवसांनी अर्धा लिटर असं सांगून मी मोकळा होऊ शकतो, पण तेवढ्यावर तुमचं झाड वाचणार नाही. या झाडाला किती दिवसांनी पाणी घालायचं हे नंतर बघायचं, आधी हे बघायचं की झाड आत्ता जागं आहे की झोपलंय. वर्षातले तीन-चार महिने भुईचाफा जमिनीखाली पूर्ण झोपून असतो, वर काडीसुद्धा दिसत नाही, आणि तेव्हा त्याला पाणी दिलं की ते पिणारं कोणीच नसतं. तुमची पानं गेली ती पाणी कमी पडलं म्हणून गेली नाहीत, त्यांची वेळ झाली म्हणून गेली. त्यानंतर जे दोन महिने रोज मगभर पाणी गेलं, मला काळजी त्याची आहे.

थोडं झाडाबद्दल सांगतो, कारण ते कळलं की पाण्याचं टाइमटेबल पाठ करावं लागत नाही. नावात चाफा असला तरी सोनचाफ्याशी किंवा देवचाफ्याशी याचं काही नातं नाही, हा हळद-आल्याच्या कुळातला. शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा, लिनिअसने १७५३ मध्ये दिलेलं, आणि रोटुंडा म्हणजे गोल. कुंडी उलटी करून पाहिलीत तर ते गोल काय ते लगेच दिसेल. मधे एक छोटा गड्डा असतो, आल्याच्या तुकड्यासारखा, त्याला खाली दोऱ्यासारखी मुळं आणि प्रत्येक मुळाच्या टोकाला बोराएवढी नाहीतर त्याहून थोडी मोठी फुगीर गाठ. या गाठी म्हणजे झाडाच्या पाण्याच्या टाक्या, आणि धान्याचं कोठारही तेच. झाड हिवाळा आणि अर्धा उन्हाळा यांच्यावर काढतं, फूलसुद्धा यांच्याच जोरावर येतं, कारण फूल येतं तेव्हा झाडाला एकही पान नसतं.

हा मुळात जंगलातला, झाडांखालच्या जमिनीत राहणारा जीव. आपल्याकडचं पानगळीचं जंगल डोळ्यासमोर आणा, पेंचच्या बाजूला गेला असाल तर पाहिलंच असेल. फाल्गुन-चैत्रात साग उघडाबोडका झालेला असतो, खाली वाळलेल्या पानांचा थर आणि माती कोरडी ठाक. अशा जमिनीतनं एखादी अवकाळी सर पडून गेली की जमिनीखाली झोपलेले कंद हलायला लागतात. मग मृगात पाऊस लागतो, वर सागाला पानं येतात, खाली सावली होते, आणि त्या ओल्या सावलीत हे लोक चार-पाच महिने पानं पसरून पोट भरून घेतात. हत्तीचा पाऊस संपला, थंडी आली की पानं टाकून परत खाली. सफेद मुसळीचंही असंच, रानहळदीचंही असंच. तेव्हा आपल्या कुंडीत जंगलाचं तेच वर्ष उभं करायचं, कोरडं तेव्हा कोरडं, ओलं तेव्हा ओलं.

नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगायला संत्र्याची बाग पुरते. काटोल-नरखेडकडे तुमचं कोणी असेल तर विचारून पाहा, आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा असला की डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, आणि ताण पुरा झाला की मग पाणी सोडतात, तेव्हा फुलं फुटतात. बारा महिने पाणी देत राहिलं तर झाड हिरवंगार राहील पण बहार धड येणार नाही. भुईचाफ्याचा ताण यापेक्षा सोपा आहे कारण संत्र्याचं झाड ताणात जागं असतं, पानं टिकवून उभं असतं, आपला भुईचाफा निवांत झोपलेला असतो, त्याला त्रास होत नाही. हळदीचंही तसंच बघा. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद, जिला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती लावणारे असोत की दुसरीकडचे कोणी, हळदीचा पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडतात आणि पाला वाळला की काढणी करतात. पाला पिवळा पडतोय म्हणून घाबरून पाणी वाढवणारा हळदीचा शेतकरी मी अजून पाह्यला नाही. भुईचाफा हळदीचाच भाऊ आहे, त्याला वेगळा न्याय कशाला.

आता पाणी जास्त झाल्यावर आत नेमकं काय होतं ते सांगतो. पान असलं की पान उन्हात पाणी उडवत राहतं, मुळं खालून ओढत राहतात, त्यामुळे कुंडीतलं पाणी चालतं राहतं आणि मातीत हवा शिरत राहते. पान नसलं की ओढणारं काहीच नाही, पाणी आहे तिथेच बसून राहतं. त्यात प्लास्टिकची कुंडी, म्हणजे बाजूनंही सुकत नाही. मातीतली हवा संपते, कंदाची साल गुदमरते आणि मग कंदकूज धरते, तीच कंदकूज जी आल्या-हळदीच्या शेतात पाणी साचलं की येते. सगळ्यात वाईट म्हणजे वरून काहीच कळत नाही, कारण वर काही नसतंच. माणूस दोन महिने श्रद्धेने पाणी घालत राहतो आणि खाली काय चाललंय ते मार्चमध्ये कळतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी गेली बावीस-तेवीस वर्षं कंदाची झाडं वाढवतो, विकतो, त्यातला भुईचाफा माझ्या जास्त जिव्हाळ्याचा. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरचा पारा ३.५ डिग्रीवर उतरला होता, आठवत असेल तुम्हाला. त्या वर्षी मी दहा-बारा दिवस बाहेरगावी होतो आणि मागे पाणी घालणाऱ्या पोराला मी एवढंच सांगून गेलो की सगळ्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल. त्याने इमानदारीने घातलं. भुईचाफ्याच्या अठ्ठावीस कुंड्या उघड्यावर होत्या, त्या सगळ्यांना पाइप पोचला, आणि नऊ कुंड्या मागच्या भिंतीला पत्र्याखाली होत्या, तिथे पाइप पोचत नव्हता म्हणून त्या कोरड्याच राहिल्या. थंडी दोघांनाही लागली, पत्र्याखाली फार तर एखाद डिग्री कमी-जास्त असेल. मार्चमध्ये कोरड्या नऊच्या नऊ कुंड्यांतून फुलं आली. ओल्या अठ्ठावीसमधल्या सहा वाचल्या. बाकीच्या उपसल्या तर कंदाच्या जागी तपकिरी लगदा, बोटात धरला की साल सुटून हातात यायची आणि घाण वास. चूक पोराची नव्हती, मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पानं गेलेल्या कुंड्या मी उचलून सरळ वेगळ्या जागी नेऊन ठेवतो, जिथे कोणाचा पाइप, कोणाची झारी चुकूनही जाणार नाही. तुमच्याही घरात पाणी घालणारी माणसं दोन-तीन असतील तर आधी हे करा, कुंडीची जागा बदला.

आता वर्षभराचं पाणी. सुरुवात फुलांपासून करतो कारण तुमचं मन तिथे आहे.

होळी झाली की हवा तापायला लागते, रात्रीचा गारवा जातो. तेव्हा मी पहिलं पाणी देतो, आणि ते एकदाच पण पोटभर. तीन महिने कोरडी राहिलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, वरून झारीने घातलं तर पाणी कडेकडेने खाली पळतं आणि बशीत जमतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली. म्हणून टबात चार बोटं पाणी घेऊन कुंडी त्यात वीसेक मिनिटं ठेवायची, वरची माती काळी पडली की उचलून नितळायला ठेवायची. त्यानंतर हात बांधून बसायचं. परत पाणी नाही, आठ दिवस नाही, दहा दिवस नाही, जोवर मातीत टोक दिसत नाही तोवर नाही. इथेच लोक घाई करतात, तीन दिवसांत काही दिसलं नाही की परत मग भरून ओततात.

टोक कसं दिसतं तेही सांगतो. सकाळी मातीजवळ डोळे नेऊन बघायचं, तासलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखा जांभळट अणकुचीदार कोंब माती थोडी उचलून वर आलेला असतो, आजूबाजूला मातीला बारीक भेग. तो दिसला की तिथून फूल उघडायला फार दिवस लागत नाहीत. आणि मग एक दिवस सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर यावं तर कोऱ्या मातीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखं फूल, देठ नाही, पान नाही, पांढऱ्या लांब पाकळ्या आणि मधे जांभळी दुभंगलेली पाकळी, आणि वास असा की वाकावंच लागतं. एक फूल एकच दिवसाचं असतं, संध्याकाळपर्यंत ते मलूल होतं, पण त्याच झुबक्यातून दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी दुसरी येत राहतात. जुना भरलेला गड्डा असला तर दोन-तीन आठवडे हा सोहळा चालतो. मला इतकी वर्षं झाली तरी पहिल्या फुलाच्या दिवशी मी दुकान उशिरा उघडतो.

फुलांच्या दिवसांत पाणी चार-पाच दिवसांनी, दहा इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर, तेही कडेने, फुलावर नाही. फूल जमिनीला टेकलेलं असतं, त्यावर पाणी-चिखल उडाला की ते त्याच दिवशी काळं पडतं. मातीवर वाळलेल्या पानांचा पातळ थर टाकला तर चिखल उडत नाही आणि दिसायलाही जंगलातल्यासारखं सुंदर दिसतं. पाणी एवढं कमी का, तर फूल गाठींतल्या साठ्यावर येतंय, त्याला वरून फार लागत नाही.

फुलं संपता संपता पानाची सुरळी वर येते. आपल्याकडे ती येते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमक्या वाईट वेळेला. जंगलात लगेच पाऊस येतो, इथे आपल्याला दीड-दोन महिने ४४-४५ डिग्रीत काढायचे असतात. वर्षातली सगळ्यात नाजूक वेळ हीच, आणि इथे मी ठाम आकडा देऊ शकत नाही कारण ते तुमच्या जागेवर आहे. पश्चिमेची बाल्कनी म्हणजे दुपारी दोनपासून पाचपर्यंत थेट ऊन आणि भिंतीची झळ, तिथे मातीची कुंडी असली तर रोज पाणी लागेल, प्लास्टिकची असली तर दिवसाआड. तळमजल्यावर आंब्याखाली असली तर तीन दिवसांनीही पुरतं. मिश्रणात कोकोपीट जास्त असलं तर वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, काळी माती जास्त असली तर वरून भेगा आणि खाली चिखल. त्यामुळे कॅलेंडर बघून नाही, कुंडी बघून.

मी बघतो ते असं. अगरबत्ती जळून गेल्यावर उरते ती बांबूची काडी, ती कुंडीच्या कडेने चार इंच आत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. काडी कोरडी आणि स्वच्छ निघाली तर पाणी द्या, ओली निघाली आणि मातीचे कण चिकटले असतील तर आज नाही. बोट खुपसूनही कळतं पण कंदाचे कोंब वर असतात, बोटाने मोडतात, एक मोडला की त्या वर्षीचं पान गेलं. आठ-दहा वेळा काडी करून पाहिली की मग कुंडी नुसती कडेने थोडी उचलून वजनावरून कळायला लागतं. वाफसा म्हणतात ना शेतकरी, मुठीत माती धरली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, पान असताना कायम त्या अवस्थेच्या जवळपास ठेवायचं.

उन्हाळ्यातल्या दोन-तीन गोष्टी फक्त आपल्या नागपूरच्या. एक, कूलरच्या टाकीतलं पाणी घालू नका. मला माहिती आहे, सगळे घालतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून, भावना चांगली आहे, पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार खाली उरतात, रोज नवीन पाणी भरलं की क्षार वाढतच जातात. टाकीच्या कडेला आणि वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तोच तुमच्या कुंडीत जाऊन बसेल, आणि या झाडाच्या पानांची टोकं करपायला लागतील. बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड, त्यातल्या त्यात नळाचं बरं, पावसाचं मिळालं तर सोन्यासारखं. नाइलाजाने बोअरचंच घालावं लागत असेल तर महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून खालच्या भोकातून चांगलं वाहू द्या, साचलेले क्षार धुऊन जातात, पण हे पानं असतानाच, झोपेत नाही. दुसरं, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते थेट पाइपने घालू नका, सकाळी सातच्या आत घाला. तिसरं, दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी घालू नका. भुईचाफ्याचं पान रुंद आणि पातळ, उन्हाच्या झळीत ते मान टाकतंच, माती ओली असली तरी टाकतं. संध्याकाळी सावरलं तर काही कमी नाही. सकाळी सहालाही मान खाली असेल तर मात्र तहान लागलीय असं समजा, नाहीतर मूळ सडलंय, आणि यातलं कोणतं ते काडीच सांगेल. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर कुंडी सरळ घरात खिडकीशी किंवा पूर्वेच्या बाजूला हलवा, थोड्याच दिवसांचा प्रश्न असतो, पश्चिमेच्या उन्हात पाण्याने किती भरून काढणार.

मृग लागला, पाऊस धरला की सुटका. पावसात भिजणाऱ्या कुंडीला वेगळं पाणी नको, चार-पाच दिवस उघाड पडली तर काडी करून बघा. बाल्कनीत वर स्लॅब असल्यामुळे पाऊस पडतोय असं वाटतं आणि कुंडी कोरडीच राहते, हे फ्लॅटवाल्यांच्या बाबतीत फार होतं, तेव्हा पाऊस किती पडला यावर जाऊ नका. उलट झड लागली, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा बशी काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा, खालचं भोक बुजलं नाही ना ते खिळा घालून बघा. वरच्या मजल्याचा एसीचा पाइप कुंडीवर ठिबकत असेल तर तिथून हलवा. या महिन्यांत झाड भरपूर पाणी पितं, त्याला ओल आवडते, फक्त साचलेलं नको.

जमिनीत लावलेल्यांसाठी थोडक्यात. नागपूरच्या काळ्या मातीत खड्डा करून लावला तर पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे हौद होतो, म्हणून अर्धा-पाऊण फूट उंच वाफा करा, माती, कन्हान नदीची रेती आणि कुजलेला पालापाचोळा सारखे घ्या. मोठ्या झाडाखाली जागा मिळाली तर उत्तमच, पावसाळ्यानंतर ते झाड जमिनीतलं जास्तीचं पाणी ओढून घेतं आणि कंद आपोआप कोरडा राहतो. तिथे मे महिना सोडला तर मी हाताने पाणी जवळपास देतच नाही. फक्त शेजारी गुलाब किंवा लॉन नको, त्यांना हिवाळ्यात पाणी लागतं आणि ते याच्या अंगावर येतं.

आता जो काळ सगळे विसरतात तो. पोळा झाला, मारबत निघाली, गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि लोकांना वाटतं झाड आता जाणारच आहे, तर पाणी कशाला. इथे चूक होते. ऑक्टोबर हीटमध्ये पानं अजून पूर्ण कामात असतात आणि त्या काळात खालच्या गाठी भरत असतात, पुढच्या मार्चचं फूल तिथेच तयार होतंय असं समजा. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या कुंड्यांना मी दोन-तीन दिवसांनी नेमाने पाणी देतो. मागच्या वर्षी पानं होती पण फूल आलं नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांना मी पहिलं विचारतो की ऑक्टोबरात पाणी दिलं होतं का, आणि बहुतेकांचं उत्तर नाही असंच येतं. उन्हात पानं एक महिना आधीच वाळून गेली की गाठी अर्ध्या भरलेल्या राहतात. खत द्यायचं तेही पावसाळ्यातच, मूठभर गांडूळखत जुलैमध्ये आणि परत ऑगस्टच्या शेवटी, बाकी काही लागत नाही.

दिवाळीनंतर पहिलं पान पिवळं पडलं की पाणी बरंच कमी करायचं, म्हणजे दोन दिवसांनी देत असाल तर आठवड्याने. अर्धी पानं पिवळी झाली की पंधरा दिवसांतून एकदा, तेही कपभर. सगळी वाळली, ओढली की अलगद हातात आली, तिथे पाणी बंद. पिवळं पान ओढून तोडू नका, त्यातलं जे उरलंय ते खाली उतरत असतं. मग डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी शून्य. मला विचारतात एवढं कोरडं ठेवलं तर कंद वाळून जाणार नाही का. चांगल्या भरलेल्या गाठी असल्या तर नाही, त्या स्वतःच पाणी धरून असतात. छोटी, एका वर्षाची रोपं असली, गाठी वाटाण्याएवढ्याच असल्या तर मात्र मी जानेवारीच्या शेवटी एकदा अर्धा कप पाणी दुपारच्या उन्हात देतो, की ते संध्याकाळपर्यंत मुरावं. एवढी सूट, त्यापेक्षा जास्त नाही.

म्हणजे एका दमात सांगायचं तर होळीनंतर एकदा पोटभर, फुलं असताना चार-पाच दिवसांनी थोडं, पान आल्यावर मृगापर्यंत काडी बघून रोज किंवा दिवसाआड, पावसाळ्यात निचरा सांभाळायचा, दसरा-दिवाळीत विसरायचं नाही, आणि पान गेलं की होळीपर्यंत हात लावायचा नाही.

आता तुमच्या कुंडीचं काय करायचं. आज पाणी घालू नका, उद्याही नको. उद्या सकाळी वर्तमानपत्र पसरून कुंडी त्यावर अलगद उलटी करा, माती हाताने मोकळी करा, खुरपं घालू नका. गड्डा आणि गाठी मिळतील. एकेक गाठ अंगठ्याने हलकी दाबा. टणक असेल, नखाने ओरखडलं की आतून फिकट आणि आल्या-कापराच्या मधला वास आला, तर जिवंत आहे. दबत असेल, पाणी सुटत असेल, वास कुजका असेल तर ती गाठ मुळासकट कापून टाका, कापताना चांगला भाग दोन-चार मिलिमीटर जास्त जाऊ द्या पण सडलेला मागे ठेवू नका, आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. कापलेल्या जागी चुलीची किंवा गोवरीची राख लावा. मधल्या गड्ड्यावर डोळे बघा, आल्याला असतात तसे फुगीर. एक टणक डोळा आणि दोन-तीन टणक गाठी एवढं जरी शिल्लक असलं तरी झाड वाचतं, मी वाचवलेली आहेत.

जे चांगलं निघेल ते सावलीत जाळीवर तीन दिवस पडू द्या. जुनी माती परत वापरू नका. शक्य असेल तर मातीची आठ इंची कुंडी घ्या, दहाची नको, कारण गाठी कमी झाल्या की मोठ्या कुंडीतलं पाणी संपत नाही. माती, रेती, पालापाचोळ्याचं खत सारखं, आणि भरताना मिश्रण हाताला कोरडं लागलं पाहिजे. डोळा वरच्या बाजूला ठेवून वर दोन बोटं माती. दहा दिवस काहीच घालायचं नाही, मग टबातलं ते एक पाणी, आणि पुढे काडी.

या वर्षी फूल येईल असं मी म्हणणार नाही, एवढ्या ओलीनंतर कोंब आत तयार असला तरी टिकला असेल की नाही हे कुंडी उलटी केल्याशिवाय कळायचं नाही. पण मेच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर पानाची एक सुरळी जरी वर आली तरी पुढचा पावसाळा आणि दसरा-दिवाळीचं पाणी नीट सांभाळा. कुंडी उलटी केल्यावर गाठी किती टणक निघाल्या आणि डोळे किती आहेत ते मात्र नक्की सांगा, गड्डा अगदीच लहान उरला असेल तर लावायची पद्धत थोडी बदलावी लागेल, ती मी मग सांगतो.